छतावरच्या उन्हाचं टेंडर

परवा केदारखेड्याला माहेरच्या लग्नाला गेल्ते. पंगत उठल्यावर मावसभावानं मला मांडवाच्या कडेला नेलं आणि इकडंतिकडं बघत हळूच विचारलं, "ताई, खरं खरं सांग. सरकारी सोलरची एवढी कामं तुला मिळून राह्यली. कुणाला धरलं तू?"

"कुरडयांना," मी म्हटलं.

त्याला वाटलं, बाई उडवून लावतेय. तोंड वाकडं करून तो पान खायला निघून गेला. पण मी खोटं बोलले नव्हते. आता दिवाळी अंकवाल्यांनी धंद्याबद्दल लिहा म्हणून गळ घातलीच आहे, तर तो किस्सा एकदाचा नीट सांगून टाकते. म्हणजे पुढच्या लग्नात तरी मला सुखानं जेवता येईल.

जालन्यात मोंढ्याच्या मागच्या गल्लीत रंगनाथकाकांचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. मी तिथं हिशेबाला होते. शेतातल्या जळालेल्या मोटारी आमच्याकडं यायच्या. त्यांच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, याला वायंडिंग म्हणतात. शिवाय घरांची, गोदामांची, कापसाच्या जिनिंगची वायरिंगची कामं. या सगळ्याचा कणा म्हणजे कासिमभाई, आमचे परवानाधारक सुपरवायझर. हात सोन्याचा आणि स्वभाव असा, की स्वतःचा टेस्टर सख्ख्या भावाला देणार नाहीत.

काकांचे गुडघे गेले, मुलगा पुण्यात नोकरीला लागला. एक दिवस काकांनी जाहीर केलं, दिवाळीनंतर शटर कायमचं खाली. कासिमभाई नुसते पक्कड पुसत बसले, पुसून झालेली पुन्हा पुसत. ते काही मला बघवलं नाही. मी म्हटलं, "काका, मी घेते दुकान."

काका हसले. बशीतला चहा सांडेपर्यंत हसले. "अगं, तुला फ्यूज तरी बांधता येतो का?"

"तुम्हाला तरी कुठं हिशेब येत होता? चाललंच ना इतकी वर्षं?"

त्यावर त्यांचं हसू थांबलं आणि ते विचारात पडले. घरी आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "घे. पण मला गल्ल्यावर बसायला सांगू नको." एवढ्यावर आमच्या घरातली सभा संपली.

गल्लीतल्या लोकांना वाटलं, मी दोन टेबलं, एक वायंडिंगचं मशीन आणि एक डुगडुगती शिडी विकत घेतली. मी खरं तर घेतलं होतं दुकानाचं वय. ही गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते. सरकारी काम हवं तर निविदा भरावी लागते, म्हणजे हे काम मी इतक्यात करीन असं बंद पाकिटात सांगायचं. आता ते पाकीट संगणकावर असतं, एवढाच फरक. ज्याचा दर सगळ्यांत कमी, त्याला काम. पण पाकीट उघडायच्या आधी विचारतात, असं काम पूर्वी केलंय का? नसेल केलं तर घरी जा. म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. म्हणून मी नवी पाटी लावली नाही. आधी काकांची भागीदार झाले, मग काका बाजूला झाले. दुकान तेच, त्याची वर्षं तीच, मालकीण तेवढी नवी.

तरी ते वय वायंडिंग-वायरिंगचं होतं. आणि वायंडिंग मरायला टेकलं होतं. मोटार जळाली की लोक नवीच आणू लागले. शेतात सोलरचे पंप आले, त्यांच्या मोटारी आमच्या ओळखीच्याच नव्हत्या. माणसांना मी शब्द दिला होता की एकालाही घरी पाठवणार नाही. शब्द देताना जीभ फार सैल असते हो. त्यामुळं सोलरमध्ये उतरण्याशिवाय मार्गच नव्हता. शाळा, आरोग्य उपकेंद्रं, पाणीपुरवठ्याच्या विहिरी अशा सगळ्या ठिकाणी सरकार सोलर बसवायला निघालं होतं. मोठी कामं मोठ्या कंपन्या न्यायच्या. आम्ही लहान कामांच्या मागं लागलो.

पहिल्या काही निविदा अशा हरलो की काय सांगू! एकदा दर जास्त झाला. एकदा दर एवढा कमी लावला की साहेबांनीच बोलावून विचारलं, "बाई, पॅनल काचेचे लावणार का पुठ्ठ्याचे?" कासिमभाई म्हणायचे, "ताई, अपना टाइम आयेगा, फिकर नको." मला मात्र रात्रंदिवस त्या माणसांची तोंडं दिसायची.

आणि मग एक काम मिळालं. अंबड तालुक्यातल्या काही शाळा आणि उपकेंद्रांच्या छतांवर सोलर. मोठ्या कंपन्यांना ते परवडत नव्हतं, गावं विखुरलेली म्हणून. मी दुकानातल्या सगळ्यांना पेढे दिले. कासिमभाईंना साखर वर्ज्य, त्यांनी दोन खाल्ले.

काम चांगलं झालं. अडचण आली ती उद्घाटनाला. एका गावात सरपंच नारळ घेऊन आले आणि फोडायला दगड शोधायला लागले. दगड मिळेना, तर त्यांनी हात उगारला तो थेट पॅनलच्या कडेवर. मी केवढ्यानं ओरडले असेन! "ओ सरपंच! काच हाय ती!" सगळं गाव दचकलं. सरपंचांनी नारळ तसाच पोटाशी धरला. तेव्हापासून आमच्या गाडीत मी एक दगड ठेवते. छान धुतलेला, खास नारळासाठी.

आता मुद्द्यावर येते. काम करून दिलं म्हणजे सरकारी काम संपत नाही. पुढं चाचणीचा महिना असतो. प्रत्येक छतावर किती वीज तयार झाली ते रोज मोबाइलवर दिसतं. महिनाभर ठरल्याइतकी वीज निघाली तर काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो. तो दाखला म्हणजे आमचं वेड गेल्याचा पुरावा. तो हातात असला तर पाणीपुरवठ्याच्या विहिरींचं मोठं टेंडर भरता येणार होतं, दुकानातली सगळी माणसं उभी राहणार होती. नसला तर पुन्हा जळक्या मोटारी, आणि त्याही येईनाशा झालेल्या.

चैत्र लागला आणि चाचणी सुरू झाली. एक गाव सोडून सगळीकडं वीज बक्कळ. त्या गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर अंबडच्या बाजारात मला त्या बाया चपलेनं मारतील. तिथल्या शाळेच्या छतावर सकाळी वीज चांगली चढायची. दहा-अकराला अशी घसरायची, जशी कुणी टाच मारून खाली बसवली. संध्याकाळी ऊन उतरायला लागलं की पुन्हा थोडी वर. ऐन उन्हात वीज कमी, असलं उफराटं काम कुणी पाहिलं नव्हतं.

मी कासिमभाईंना विचारलं, "कुठं जोड सैल राहिला का?"

झालं! त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, बाकी कुछ भी बोलो. कासिम का जोड सैल न्हाई राहत."

दुकानातल्या एकानं पॅनल खराब असेल म्हटलं, दुसऱ्यानं धूळ म्हटलं. माणूस पाठवला तर तो सकाळच्या एसटीनं गेला, सगळं बराबर आहे म्हणून सांगत जेवणाच्या आत परत आला. तसं दोनदा झालं. शेवटी मीच कासिमभाईंना घेऊन भर दुपारी गाडी काढली.

चैत्रातली शाळा सकाळची. दुपारी आवारात चिटपाखरू नव्हतं. बाहेरच्या लोखंडी जिन्यानं वर गेलो, आणि मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

पॅनल दिसतच नव्हते. सगळ्या ओळींवर साड्या, धोतरं, चादरी अंथरलेल्या, चारही कोपरे चिंध्यांनी पॅनलच्या चौकटीला बांधलेले. आणि त्यावर कुरडया. पांढऱ्याशुभ्र, गोल, एकीला एक न चिकटलेल्या. कडेला पापड, खारोड्या, सांडगे. शिजवलेल्या चिकाचा तो वास! मला त्या क्षणी माझी आई आठवली आणि त्याच क्षणी माझा दाखला आठवला.

पॅनलचं एक सांगते. ते एका ओळीत जोडलेले असतात, एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे. एक बैल बसला की सगळी ओळ थांबते. एका पॅनलवर चार पापड पडले तरी ओळ मंदावते. इथं तर अख्ख्या गावाचं वर्षाचं वाळवण पडलं होतं.

"कोण आहे रे इथं?" मी ओरडले.

टाकीच्या सावलीतून एक बाई उठली. साठीची, काटक, हातात चिमण्या हाकायची काठी. ह्याच गयाबाई. गावातल्या बचत गटाच्या पुढारीण. गटाचे कुरडया-पापड जालन्याच्या दुकानांत जातात, लग्नाच्या रुखवतात जातात, हे मला नंतर कळलं.

"आम्ही हाय. तुमी कोण?"

"मी हे सोलर बसवलं! काढा हे सगळं, आत्ताच्या आत्ता!"

"काहून?"

"काहून म्हणजे? वीज बंद पडली सरकारची!"

"आमच्या घरची तर चालू हाय," गयाबाई म्हणाल्या. माझं डोकं असं तापलं, की त्यावर पापड भाजला असता.

"मावशी, त्याखाली तारा आहेत. करंट आहे. ओलं फडकं टाकता त्यावर, एखादी बाई मेली असती म्हणजे?" हे मी ओरडूनच बोलले, पण ती भीती खरी होती.

तेव्हा मात्र त्यांनी काठी खाली ठेवली. "हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई, बाई. आमी वर आलो तर पाह्यलं, सरकारनं गुळगुळीत ओटे करून दिले. वरून ऊन, खालून काच तापून राह्यली. शेळी येत न्हाई, कोंबडी येत न्हाई. दुपारपस्तोर कुरडई कडक. आमाला वाटलं, वाळवणासाठीच दिले."

"सरकार वाळवणासाठी ओटे देतं का कधी?"

"द्यायला काय जातंय?"

कासिमभाई तोंड फिरवून टाकीकडं बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

खरं सांगायचं तर त्या बाईचं काय चुकलं होतं? शाळा बांधली तेव्हापासून ते छत वाळवणाचं. त्यांच्या सासवा तिथंच घालायच्या. आम्ही छत मोजायला गेलो पौषात. पौषात कोण कुरडया घालतं? मुख्याध्यापकांनी सांगितलं छत रिकामं आहे, आम्ही पाहिलं तर रिकामं होतं. झाडाची सावली मोजली, टाकीची सावली मोजली, तारा पाहिल्या. आम्ही सगळी खेड्यातली माणसं, घरी दरसाल चीक खाणारी, पण मोजपट्टी हातात आली की सगळी साहेबं होऊन बसलो.

सरकारी कनिष्ठ अभियंत्यांना फोन केला. भले गृहस्थ, पण कायद्याला बांधलेले. म्हणाले, "जिन्याला कुलूप लावा, पोलिसांत तक्रार द्या. हा महिना तर गेला. नियमात चाचणी एकदाच पुन्हा घेता येते. पुढच्या महिन्यात वीज निघाली नाही, तर मला काम अपूर्ण लिहावं लागेल. ताई, माझ्या हातात काही नाही."

पुढचा महिना वैशाख. लग्नाचा, वाळवणाचा ऐन हंगाम.

गयाबाई फोनवरचं सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "लावा कुलूप. मंग तुमच्या काचा पुसायला पाणी कोण देतं तेबी बघू. गावात हापशी एकच हाय, अन् ती आमच्या गल्लीत हाय."

हे त्यांनी बिलकुल शांतपणे सांगितलं. आणि बराबर सांगितलं. पॅनलवर धूळ बसते, आठवड्याला धुवावे लागतात. जालन्याहून माणूस पाठवून ते होत नाही.

मी मटकन खाली बसले. एका बाईनं तांब्याभर पाणी दिलं, दुसरीनं वाटीत चीक दिला, गूळ घातलेला. भांडण चालू असताना खायला घालायचं, ही आमच्याकडची पद्धतच आहे. चीक खाता खाता मी त्यांना समजावलं की ह्या दाखल्यावर माझं दुकान उभं आहे, आणि दुकानावर माझी माणसं. हे कासिमभाई, ह्यांच्या घरी लेकीचं लग्न ठरलंय. त्यांनी मला समजावलं की त्यांच्या गटाचे दोन महिने म्हणजे त्यांचं वर्ष. पत्र्यावर घालावं तर गंज लागतो, अंगणात घालावं तर ट्रॅक्टरची धूळ. दोघींनाही ऊनच पाहिजे होतं आणि तेच छत पाहिजे होतं.

"तिकडं टाकीमागं येवढी जागा मोकळी सोडली," गयाबाईंनी काठीनं दाखवलं. "तिथं काहून न्हाई लावल्या काचा?"

"तिथं सकाळ-संध्याकाळ टाकीची सावली येते. पॅनलला घटकाभराची सावली चालत नाही."

"मंग ती आमाला द्या. कुरडईला चालती."

"तुमचीच होती की ती. तिथं का नाही घालत?"

"टाकी गळून राह्यली ना बाई. खाली समदी ओल. उंचावर असतं तर घातलं असतं."

मी कासिमभाईंकडं बघितलं, कासिमभाईंनी माझ्याकडं. पॅनल ज्याच्यावर बसवतात ते लोखंडी पाइप आणि पट्ट्या आमच्या गोदामात उरल्या होत्या. जाळीही होती. कमरेइतक्या उंचीचा एक मोठा माच करायचा, वर जाळी ताणायची, म्हणजे वरून ऊन आणि खालून वारा. उंची कमी, त्यामुळं त्याची सावली पॅनलवर जाणार नव्हती. छताला भोक पाडायचं नाही, नुसता सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवायचा.

"माच मी देते," मी म्हटलं. "पण पॅनलला पुन्हा चिंधी बांधलेली दिसली तर खैर नाही. आणि रोज वर येताच आहात, तर येताना पाणी आणायचं आणि काचा पुसायच्या. नुसतं वरून. खालच्या तारांना हात लावायचा नाही. कासिमभाई शिकवतील."

"रोज?"

"रोज."

गयाबाईंनी बाकीच्या बायांकडं पाहिलं. "येवढंच ना? लेकराचं तोंड पुसावं तसं पुसू."

वैशाखभर मी सकाळी उठून चहाच्या आधी मोबाइल बघायचे. वीज चढत होती. अकराला चढत होती, दुपारी चढत होती. गयाबाई फोन करायच्या तो विजेसाठी नव्हे, जाळी कुठं सैल झाली ते सांगायला. मग वैशाखाच्या शेवटी वावटळ आली आणि तिच्यामागून चिखलाचे चार थेंब. तो पाऊस नव्हता, नुसता राडा. तालुक्यातल्या सगळ्या छतांवर पॅनल लाल झाले. आमची माणसं एका गावाहून दुसऱ्या गावाला पळत होती, कुठं पाणी नाही तर कुठं किल्ली नाही. सगळीकडची वीज उतरली, कशीबशी ठरल्याइतकी राहिली. त्या गावाला मात्र आमच्या माणसानं जायच्या आधीच पॅनल आरशासारखे लख्ख.

तपासणीला वरच्या मॅडम आल्या. कार्यकारी अभियंता. पायात बूट, डोक्यावर टोपी, कमी बोलणाऱ्या. सगळी गावं बघून शेवटी या शाळेवर आल्या, सोबत आमचे कनिष्ठ अभियंते. मॅडमनी इन्व्हर्टर पाहिला, जोड पाहिले. कासिमभाई लग्नातल्या मुलीच्या बापासारखे हात बांधून उभे. मग त्या टाकीमागं गेल्या.

माचावर शेवया वाळत होत्या.

"हे काय आहे?"

"हे मंजूर आराखड्यात नाही. शासकीय इमारतीच्या छतावर हे कुणी बांधलं?"

कनिष्ठ अभियंते माझ्या कानाशी आले. "गावानं बांधलं म्हणा. मी ग्रामपंचायतीला नोटीस काढतो. तुमचा दाखला आजच्या आज होतो."

एका वाक्याचा प्रश्न होता. मला भीती वाटली, का लपवू? सगळं दुकान माझ्या डोळ्यांपुढून गेलं. कासिमभाईंनी ते कुजबुजणं ऐकलं असावं. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांनी मान हलवली नाही, होकाराला नाही नि नकारालाही नाही. मी बायांकडं पाहिलं. त्या जिन्यापाशी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. यांच्या नावानं नोटीस? मी त्यांच्या घरचा चीक खाल्ला होता.

"मी बांधला, मॅडम," मी म्हटलं. "उरलेल्या पाइपांतून. परवानगी घेतली नाही."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मग काढा. तो काढल्याशिवाय मला सही करता येणार नाही."

मी तोंड उघडायच्या आत गयाबाई पुढं आल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काढ गं बाई तू. जल्दी काढ." तोवर त्या मला कायम तुमी म्हणायच्या. "वाळवण काय, कुठंबी वाळंल. बाजंवर घालू, पत्र्यावर घालू. तुझी माणसं कुठं जातील?" आणि त्यांनी खरंच शेवया पदरात भरायला सुरुवात केली. अर्ध्या ओल्या होत्या, मोडत होत्या, तरी भरत राहिल्या. बाकीच्या बायाही आल्या आणि भरायला लागल्या. कुणी कुरकुर केली नाही.

ज्या बाईनं मला हापशीच्या पाण्याची धमकी दिली होती, तिनं माझ्यासाठी आपलं ऊन सोडलं. मला रडू आलं. एवढ्या साहेबांसमोर, भर छतावर, मी रडले. लाज वाटली नाही.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मोबाइल काढला, सगळ्या गावांची वीज एकाखाली एक बघितली. "वावटळीनंतर सगळीकडची वीज उतरली. इथली का नाही उतरली?"

"आमी काचा पुसल्या ना," गयाबाई म्हणाल्या. "पहाटंच."

"कुणी सांगितलं होतं त्या दिवशी?"

"सांगायचं काय त्यात? वाळवण भिजलं का बघायला वर आल्तो. काचा राड झाल्त्या. बादली हातातच व्हती."

"रोज पुसता?"

"रोज वर यावंच लागतं ना, सायबीण. न्हाईतर चिमण्या ठेवतात व्हय काई?"

मॅडम माचाभोवती फिरल्या. हातानं हलवून पाहिला, खाली वाकून ठोकळे पाहिले. छताला भोक पाडलं का म्हणून कासिमभाईंना विचारलं. "एक भी नही, मॅडम," कासिमभाई म्हणाले. मी देवाचं नाव घेत होते, आणि कासिमभाई त्यांच्या देवाचं.

"लिहा," त्या कनिष्ठ अभियंत्यांना म्हणाल्या. "पॅनलच्या देखभालीसाठी छतावर स्वतंत्र ओटा ठेवला आहे. छताला इजा नाही. उपयुक्त आहे. आराखड्यात समाविष्ट करावा."

"ओटा, मॅडम?"

"ओटा. त्याच्यामुळं देखभाल होते की नाही?"

"व्हय व्हय!" गयाबाई पदरातल्या शेवया सावरत म्हणाल्या. "लई देखभाल होती!"

त्या दिवशी पहिल्यांदा मॅडम हसल्या. सही झाली. बायांनी शेवया पुन्हा माचावर पसरल्या. मोडलेल्या होत्या त्या आम्हाला बांधून दिल्या. कासिमभाईंच्या घरी त्यांचा शीरखुर्मा झाला आणि माझ्या घरी खीर.

विहिरींचं टेंडर आम्हाला मिळालं. त्यात प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि तिथंच भल्या भल्या कंपन्या अडतात. आमचं नाव निघालं की मागच्या रांगेतून बायकाच म्हणायच्या, येऊ द्या त्या बाईला. बचत गटांचं जाळं आमच्या तारांपेक्षा लांब असतं, हे मला तेव्हा कळलं. दुकानातून एकही माणूस घरी गेला नाही. उलट दोघं वाढले. वायंडिंगचं मशीन मात्र मी विकलं. त्या दिवशी रंगनाथकाका मुद्दाम आले, मशीनवरून हात फिरवून गेले. ते एक मनाला लागून राहिलं आहे.

सगळीच टेंडरं मिळतात असं नाही. गेल्या साली शाळांचं पुढचं मोठं काम पुण्याच्या एका कंपनीनं नेलं. दर आमच्यापेक्षा जरासाच कमी. मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. मग एका दुपारी, ऊन नुसतं रणरणत होतं, मला फोन आला. त्या कंपनीचा इंजिनिअर होता. फार शुद्ध बोलणारा, आवाजात काकुळती.

"मॅडम, माफ करा, तुमचा नंबर ऑफिसातून मिळाला. आराखड्यात प्रत्येक छतावर एक देखभालीचा ओटा दाखवलाय. आम्ही सगळीकडं बांधला. पण मॅडम, आता प्रत्येक गावात त्यावर बायका शेवया आणि पापड घालून बसल्यात. उठतच नाहीत. काय करू?"

स्पर्धक होता. गप्प बसले असते तरी चाललं असतं.

"काही करू नका," मी म्हटलं. "त्यांना फक्त एक बादली नेऊन द्या."